लाटकरांचा ओटा

‘सनमायक्याचा ओटा!’ वहिनी माझ्या कानाशी कुजबुजल्या. ‘असला ओटा कुणाच्या घरी बघितलाय का वन्सं? आणि किती खाली! कमरेत वाकूनच भाकरी थापायची म्हणजे.’

‘हळू बोला,’ मी म्हणाले. ‘ऐकतील ते.’

ऐकलंच होतं. हातात पाण्याचा तांब्या घेऊन लाटकर आमच्या मागेच उभे होते. रागावले मात्र नाहीत. ‘आईसाठी केलावता,’ ते म्हणाले. ‘तिचे पाय गेले, मग ती चाकाच्या खुर्चीतच असायची. दगडाचा ओटा तिच्या हनुवटीला लागायचा. तो काढला आणि हा लाकडाचा करून दिला. शेवटपर्यंत बसल्या बसल्या सगळा स्वयंपाक केला तिनं.’ मग जरा घुटमळून म्हणाले, ‘सिंकजवळ पाणी मुरून फुगला होता. तुम्ही येणार म्हणून आत्ताच दुरुस्त केलाय. कळतंय का कुठं?’

वहिनींनी नुसती मान हलवली. मी वाकून पाहिलं. फिकट पिस्त्याचा रंग, त्यावर तांबूस ठिपके. नवा तुकडा कुठे बसवलाय ते खरोखरच दिसत नव्हतं. मी बोट फिरवत गेले, तेव्हा शेगडीच्या अलीकडे एका जागी नखाला केसाएवढी रेघ लागली.

‘इथे,’ मी म्हणाले.

लाटकरांचा चेहरा आधी पडला आणि मग खुलला. ‘सापडली की तुम्हाला!’ ते म्हणाले. ‘माझ्या सायबाला सापडली नसती.’

मुलगी बघायला मुलाकडचे येतात ही जगाची रीत. आमचं गाडं उलटं होतं. मुलगी चव्वेचाळीस वर्षांची विधवा, मुलगा पन्नाशी ओलांडलेला, आईच्या आजारपणात लग्नाचं राहून गेलेला. कुपवाडच्या एका फाउंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतण्याआधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करायचा, ते त्यांचं काम. माझ्या दादाने अट घातली होती, की आधी घर बघू, माणूस बघू, आणि मगच पुढचं बोलू. म्हणून आम्ही तिघं मिरजेहून सांगलीला आलो होतो, आणि दादा बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसून भिंती न्याहाळत होता.

दादा माझ्यासाठी किती झटायचा ते सांगायला हवं. लग्नानंतर दोन वर्षांतच माझा नवरा गेला, तेव्हा दादा स्वतः येऊन मला माहेरी घेऊन गेला. ‘हे तुझंच घर आहे, हेमा,’ म्हणाला. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून मला चिकटवलं तेही त्यानेच. वहिनींनी कधी वाकडा शब्द काढला नाही. घरात माझं ताट पहिलं वाढलं जायचं. असं माहेर मिळायला भाग्य लागतं, असं सगळी मिरज म्हणायची, आणि मीही म्हणायची.

त्या दिवशी सकाळची गोष्ट. मी दूध तापत ठेवलं आणि केस विंचरता विंचरता विसरले. सगळं दूध उतू जाऊन शेगडीखाली गेलं. वहिनी धावत आल्या. ‘राहू दे हो वन्सं, मी पुसते,’ म्हणाल्या. ‘तुम्ही तयारी करा.’ इतक्यात त्यांची लेक ओला टॉवेल पलंगावर टाकून निघाली, तर तिच्यावर अशा काही कडाडल्या, की शेजारच्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. मी साडीच्या निऱ्या करत ते ऐकत राहिले.

लाटकरांनी आम्हाला बाहेर बसवलं आणि ते शिरा करायला आत गेले. बायकामाणूस नाही, म्हणून विकतचं काहीतरी आणून ठेवतील असं आम्हाला वाटलं होतं. रवा भाजल्याचा खमंग वास आला तशा वहिनी मला कोपराने ढोसायला लागल्या. ‘जा की आत. हातभार लावा जरा. तेवढंच बोलणं होईल.’

मी गेले. खरं सांगते, बोलण्यासाठी नाही गेले. ते स्वयंपाकघर मला पुन्हा बघायचं होतं. एवढंसं होतं, पण तिथे प्रत्येक वस्तूला जागा होती. झारा, सांडशी, अडणी, सगळं हाताशी खिळ्यांना टांगलेलं. माहेरच्या ओट्यावर मला चहाची गाळणीसुद्धा विचारून ठेवावी लागायची. विचारा असं कुणी सांगितलं नव्हतं, पण मी विचारायची. या ओट्याशी उभं राहिल्यावर माझ्या मनात आलं, की आपल्याला हे घर हवंय. निघताना मी अर्ध्या मनाने निघाले होते. इतक्या वर्षांत आलेलं हे पहिलं स्थळ होतं आणि पुढे कुणी येईल असं काही नव्हतं. हे जमलं नाही तर ते ‘राहू दे’ मला जन्मभर पुरणार होतं.

‘साखर झाली घालून,’ लाटकर म्हणाले. ‘जरा बघता का? बाहेरच्या कपाटातनं बश्या आणतो.’

ते गेले. शिऱ्याला वाफ आली होती. मी झाकण काढलं तर तळाशी धरल्यासारखा वास आला. झटकन गॅस बंद केला, सांडशीने कढई उचलली आणि शेजारी ओट्यावर ठेवली. आपल्याकडे कोणतीही बाई हेच करेल. ओटा म्हणजे दगड, आणि दगडावर गरम भांडं टेकवायला कुणाला विचारावं लागत नाही. हाताला एवढंच ठाऊक होतं. वास्तविक प्रयोगशाळेत मी पोरांवर दिवसभर ओरडायची, गरम भांडं टेबलावर ठेवू नका म्हणून.

टक्क करून आवाज झाला. मग सोल्युशनचा, पंक्चरवाल्याकडे येतो तसला वास.

‘अहो बाई!’

लाटकर दारात होते. बश्या त्यांनी खाली ठेवल्या की आदळल्या ते कळलं नाही. पुढे होऊन त्यांनी माझ्या हातातून सांडशी ओढून घेतली आणि कढई उचलून शेगडीवर ठेवली. खाली भाकरीएवढा सनमायका फुगून वर आला होता आणि कडेने तपकिरी वळ उठला होता. नेमका नवा तुकडा.

‘गरम कढई सनमायक्यावर ठेवतात व्हय? अडणी दिसंना झाली काय? डोळ्यासमोर टांगलीय की! मान मोडून काम केलंय मी तिथं, आणि तुम्ही आल्या आल्या त्याची वाट लावलीसा! जरा इचारायला काय झालंवतं?’

आवाज गल्लीत गेला असणार. मी हातात झाकण घेऊन उभी. दादा आत आला, त्याच्या मागे वहिनी.

‘लाटकर,’ दादा म्हणाला, ‘आवाज खाली. आमची बहीण आहे ती.’

‘बहीण असंल,’ लाटकर म्हणाले. त्यांची नजर ओट्यावरून हलत नव्हती. ‘ओटा माझ्या आईचा हाय.’

एवढं बोलून ते मागच्या दाराने बाहेर गेले आणि नळाशी जाऊन उगाच हात धूत बसले. आम्ही चपला घातल्या. शिरा दिसायला फर्मास झाला होता, पण चमचाभरही कुणी खाल्ला नाही.

बसमध्ये दादा खिडकीबाहेर बघत होता. वहिनी माझा हात हातात धरून बसल्या होत्या. मिरज आली तेव्हा दादा म्हणाला, ‘राहू दे, हेमा. तुझी काही चूक नाही. मी उद्या नाही म्हणून कळवून टाकतो.’

‘लगेच नको,’ मी म्हणाले.

‘का?’

‘ओटा मी बिघडवलाय, दादा. तो नीट करून देऊ दे. मग काय कळवायचं ते कळव.’

दादाला ते पटलं नाही हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. एकट्या बाईने परक्या पुरुषाच्या घरी जायचं, तेही बोलणी मोडल्यानंतर! तो भडकेल असं मला वाटलं. पण म्हणाला, ‘बरं. तुझी मर्जी.’ आणि घरी पोहोचल्यावर वर्तमानपत्र घेऊन बसला.

रविवारी मी गेले. लाटकरांनी दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरकले. अंगात जुना बनियन, केसांत लाकडाचा भुसा.

‘तुम्ही?’

‘ओटा नीट करायला आले,’ मी म्हणाले. ‘काय करायचं ते तुम्ही सांगा, हात माझे.’

ते कमालीचे ओशाळले. आत जाऊन आधी सदरा घालून आले. ‘राहू द्या हो,’ म्हणाले. ‘त्यात काय एवढं? मी करीन सवडीनं. तुम्ही बसा. चहा टाकतो. त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो, माफ करा.’

हाही माणूस राहू द्याच म्हणतोय. तिथल्या तिथे परत फिरावं असं वाटलं. पण एवढं आलेच होते, तर कबूल केलेलं काम करून मग जावं, असं मनाशी म्हटलं आणि पदर खोचून स्वयंपाकघरात शिरले.

‘चहा नको,’ मी म्हणाले. ‘ही इस्त्री तापवू का?’

ही युक्ती त्यांनी मला सांगितली नव्हती, पण ओट्याच्या कडेला इस्त्री आणि जुनं फडकं काढून ठेवलेलं मला दिसलं होतं. मग त्यांना सांगणं भागच पडलं. फुगलेल्या जागी फडकं पसरायचं, त्यावर गरम इस्त्री फिरवायची, म्हणजे खालचं सोल्युशन मऊ होतं. मग पातळ पट्टी सारून बिघडलेला तुकडा अलगद उचलायचा. मी इस्त्री फिरवत होते आणि ते ‘हं, बास,’ ‘हं, आता थोडं इकडं’ एवढंच बोलत होते. एखाद्या पाहुणीला देऊळ दाखवावं तसं.

तुकडा निघाला. खालचं लाकूड शाबूत होतं. मी ते काचपेपरने घासलं. नवा तुकडा त्यांनी ओट्याखालच्या कपाटाच्या दारातून, आतल्या बाजूने, कुणाला दिसणार नाही अशा जागेवरून काढला. त्याच रंगाचा, तसलेच ठिपके. मग गॅसची टाकी बाहेर पडवीत नेऊन ठेवली, खिडक्या उघडल्या आणि सोल्युशनचा डबा उघडला. दोन्हीकडे लावायचं, लाकडालाही आणि तुकड्याच्या पाठीलाही.

‘आता थांबायचं,’ ते म्हणाले.

‘किती?’

‘वाळेस्तोवर. दोन्ही बाजू कोरड्या लागल्या पायजेत. ओलं असताना चिकटवलं की आत हवा राहती, परत फुगतंय. आणि एकदा टेकवलं की संपलं, इकडचं तिकडं हलत न्हाई.’

आम्ही दोन पाटांवर बसून राहिलो. घर एवढं शांत होतं, की शेजारच्या रेडिओवरच्या बातम्या शब्दन्‌शब्द ऐकू येत होत्या. फळीवर एकच ताट उभं केलेलं होतं आणि एकच वाटी. खुर्चीची दोन चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली होती, खुर्ची नव्हती. खुर्ची कुठे आहे असं मी विचारलं.

‘दिली एका गरजवंताला. तिला नव्या पद्धतीची चाकं बसवून दिली, त्याला सोयीची. ही ऱ्हायली.’ मग त्या चाकांकडे बघत म्हणाले, ‘आई गेल्यापासून या घरात मोठ्यानं बोलायची सवयच गेलीय. त्या दिवशी एवढा आवाज कुठनं आला, माझं मलाच कळंना. दिवसभर बोलाय कोण असतंय? फाउंड्रीत मशिनी, घरात मी.’

‘आमच्या घरी पाच माणसं आहेत,’ मी म्हणाले.

‘मग बरं हाय तुमचं.’

‘हो,’ मी म्हणाले. उठले, ओट्यापाशी गेले. सोल्युशन वाळल्यासारखं दिसत होतं. नवा तुकडा दोन्ही हातांनी उचलला आणि जागेवर धरला.

‘ओ! हात काढा! हात काढा आधी!’ लाटकर पाटावरून उठलेच एकदम. ‘घाई कसली झालीय एवढी? आत्ता सांगितलं न्हवं, कोरडं होऊ द्या म्हणून? सांगितलेलं कानात शिरतं का न्हाई? शाळेत पोरांना काय शिकवताय तुम्ही?’

मी तुकडा वरच्या वर धरून उभी राहिले आणि मला हसू फुटलं. थांबेना. हसता हसता डोळे भरून आले, नाक लाल झालं. हातात तुकडा असल्यामुळे डोळे पुसताही येईनात.

ते घाबरले. ‘सोल्युशन गेलं काय डोळ्यात?’

‘नाही. ओरडा तुम्ही, ओरडा.’

‘आँ?’

‘माझ्यावर कुणी ओरडत नाही हो,’ मी म्हणाले. ‘सव्वीस वर्षांची असताना मी माहेरी परत आले. त्याच आठवड्यात वहिनींची लोणच्याची बरणी माझ्या हातून फुटली. वर्षाचं लोणचं, सगळं जमिनीवर. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या म्हणाल्या, राहू दे हो वन्सं. तेव्हापासून राहू दे. मी चुकले तरी राहू दे, मी काही केलं तरी राहू दे. स्वतःच्या पोरीवर ओरडतात, दादावर ओरडतात, कामवालीवरसुद्धा ओरडतात. मी पाहुणी आहे ना. पाहुण्यावर कोण ओरडतं?’

लाटकरांनी खाली वाकून सोल्युशनला बोटाची पाठ लावून पाहिली. मग शेल्फावरून अगरबत्तीच्या काड्या आणून लाकडावर आडव्या मांडल्या. ‘ह्याच्यावर ठेवा,’ म्हणाले. ‘अंदाज घ्या. कडेला कड आली की एकेक काडी ओढा.’ मी ठेवला. काड्या ओढल्या. त्यांनी लाटणं माझ्या हातात दिलं. ‘मधनं कडंला. जोर लावा. भाकरी थापत न्हाईसा तुम्ही, जोर लावा!’

मी जोर लावला. तुकडा बसला. या वेळी रेघ नखाला लागत होती, डोळ्यालाही दिसत होती. काम माझं होतं, त्यांच्यासारखं कसं होणार?

‘दिसतेय,’ मी म्हणाले.

‘दिसू दे की.’ त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. ‘जरा हितं सरळ उभ्या राहा. भिंतीला पाठ लावून. हात असा कोपरात दुमडा.’

मी उभी राहिले. त्यांनी माझ्या कोपराच्या पातळीला भिंतीवर रेघ मारली आणि तिच्या खाली चार बोटं ठेवून आणखी एक.

‘हे कशाला?’

‘ओटा उभ्या माणसाच्या कोपराखाली चार बोटं पायजे. न्हाईतर कंबर धरती.’ ते भिंतीकडे बघूनच बोलत होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ‘माप घेऊन ठेवतोय. लागलं तर.’

‘लागेल,’ मी म्हणाले.

संध्याकाळी दादा पायरीवर वाट बघत बसला होता. मी त्याला होकार कळवायला सांगितलं.

‘तो माणूस तुझ्यावर खेकसला, हेमा. आमच्यासमोर! इतक्या वर्षांत आम्ही तुला कधी बोट लावलं नाही, कधी अर्ध्या शब्दाने बोललो नाही.’

‘हो दादा. कधीच नाही बोललात.’

‘मग अक्कल काय गहाण टाकलीस का?’ दादा असा ओरडला, की वहिनी लाटणं हातात घेऊन बाहेर आल्या. ‘आगीतून उठून फुफाट्यात जायचे डोहाळे लागलेत तुला? काय कमी केलं आम्ही तुझं? बोल की आता!’

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. तो रडत होता. माझ्या आठवणीत दादा माझ्यावर पहिल्यांदाच ओरडला होता, आणि तोवर मी मनाने सांगलीला पोहोचले होते.

लग्नानंतर लाटकरांनी पहिलं काम केलं ते ओट्याचं. खाली लाकडी ठोकळे घालून तो भिंतीवरच्या दुसऱ्या रेघेपर्यंत उचलला. संसार आमचा भांडणांचा झाला. पंख्यावरून, मिठावरून, दार उघडं टाकण्यावरून, आणि अडणीवरून तर रोज. मीही काही कमी नव्हते. गल्लीत म्हणायचे, लाटकरांच्या घरी रेडिओ लावायची गरज नाही.

गेल्या वर्षी ते गेले. दहा-बारा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. सगळी चांगली माणसं. मी उठले की ती सगळी म्हणायची, ‘राहू दे काकू, तुम्ही बसा.’ मी बसायची. मग सगळी आपापल्या घरी गेली. फळीवर आता पुन्हा एकच ताट असतं.

परवा एकटीपुरतं पिठलं केलं. कढई उतरवली. अडणी समोर खिळ्याला होती. मी तिच्याकडे पाहिलं, आणि कढई तशीच ओट्यावर, त्या रेघेच्या अलीकडे, टेकवली. टक्क करून आवाज झाला. मी सांडशी हातात धरून उभी राहिले आणि दाराकडे कान दिला. बाहेरच्या खोलीत पंखा फिरत होता. सोल्युशनचा वास यायला लागला तरी कुणी आलं नाही.

‘अहो बाई!’ शेवटी मीच ओरडले. गल्लीत ऐकू गेलं असेल. ‘अडणी दिसंना झाली काय?’

मग कढई उचलून अडणीवर ठेवली, आणि इस्त्री कुठे ठेवलीय ते शोधायला गेले.